मांडीत घट्ट, कमरेत ढगळ

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची, कबड्डी खेळते. जीन्स मांडीत बसली की कमरेत ढगळ होते. कमरेच्या मापाची घेतली तर मांडीतच अडकते. काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, दोष मुलीच्या अंगाचा नाही, मापाचा आहे. तयार जीन्सवर बहुधा कमरेचाच आकडा असतो, मांडीचा घेर कंपनी आपल्या अंदाजाने ठरवते. म्हणून खरेदी मांडीवरून करा. कंबर शिंपी कमी करून देतो. मांडी वाढवायला मात्र शिवणीत कापडच नसतं. स्किनी तर बघूच नका. सरळ किंवा खाली निमुळती, कंबर जरा उंच, कापडात १-२ टक्के इलास्टेन (ताणणारा धागा). दुकानात तिला नुसतं आरशापुढे उभं करू नका, उकिडवं बसायला लावा. (दुकानदार हसला तर हसू दे.) पट्टा पाठीपासून किती सुटतो, ते तिथेच दिसतं.

आधी एकदा धुवा, सुती कापड आटतं. मगच अल्टरेशनला द्या. कंबर बाजूंनी नको, मागच्या मधल्या शिवणीतून पट्ट्यासकट आत घ्यायला सांगा. फार घेतली तर मागचे खिसे एकमेकांना चिकटतात. आणि या वयात माप बदलतं, तेव्हा एकदम तीन-तीन जीन्स घेऊन ठेवू नका.