खलनायकाचं हसू का येतं?

प्रश्न : दर रविवारी आम्ही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गोष्ट रचत खेळायचा फाशांचा खेळ खेळतो. सूत्रधार मी, म्हणजे गोष्ट आणि खलनायक माझे. माझा दुष्ट जादूगार आला की सगळे हसतात. काय चुकतंय?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : त्याला नेमकं काय हवंय, हे तुम्हालाच ठाऊक नसावं. ‘जगाचा नाश’ ही काही इच्छा नव्हे. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) नाटकातला घाशीराम बघा. पुण्यात चोरीचा आळ, मारहाण, अपमान. मग सुडापायी पोटच्या मुलीच्या बदल्यात कोतवाली. त्याची चीड कळते, म्हणून त्याची भीती वाटते. शिवाय मागे त्याला कोतवाल करणारे नाना फडणवीस आहेतच. शेवटी जमावाच्या तावडीत सापडतो घाशीराम, नाना सुटतात! खेळात असा दुसरा थर फार कामाला येतो.

तुमच्या शेजारी कर्नाळा किल्ला आहे, बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारा. तिथे जादूगाराऐवजी जकातदार बसवा. तो दरोडेखोरांपासून तांडे खरोखर वाचवतो, पण जकात थकली की मुलं ओलीस ठेवतो. पहिल्या भेटीत लढाई नको; त्याने खेळाडूंना जेवू घालावं, काम द्यावं, मोबदला चोख मोजावा. ओलीस मुलं नंतर दिसू देत. तो लवकर मेलाच, तर फाशांत लबाडी करून वाचवू नका. त्याची बहीण गादीवर येईल.