क्रॅकमी सोडवणाऱ्या भाचीस

बोरिवली (पश्चिम)

चि. सायली,


पहिलं क्रॅकमी, म्हणजे फोडून शिकण्यासाठीच बनवलेला सरावाचा प्रोग्रॅम, फोडल्याचा तुझा मेसेज वाचला. जंपच्या जागी ७५ होता, तिथे ७४ लिहिलास आणि प्रोग्रॅम चुकीचा पासवर्डही मुकाट घेऊ लागला. आनंद झाला. पण माझ्या लेखी ते अजून सुटलेलं नाही. कुलूप उखडलंस, किल्ली घडवली नाहीस.

तीच फाइल पुन्हा घिड्रा या प्रोग्रॅम उलगडून दाखवणाऱ्या साधनात उघड. तुलना होते तिथून मागे मागे जा आणि तू टाइप केलेल्या अक्षरांचं वाटेत काय होतं ते बघ. सोप्या क्रॅकमीत पुष्कळदा प्रत्येक अक्षर एका ठरावीक संख्येशी एक्सऑर करून फाइलमधल्या यादीशी ताडतात. समज, यादीत पहिला आकडा हेक्समध्ये १३ आहे आणि ठरावीक संख्या ४२. दोन्हींचं एक्सऑर ५१, म्हणजे कॅपिटल क्यू. झालं पहिलं अक्षर! हे वहीत हाताने कर. मुलुंड ते घाटकोपर बसायला मिळालं तर गाडीतही होईल. डिबगरमध्ये पुढची पायरी चालवण्याआधी रजिस्टरमध्ये काय येईल ते लिहून ठेव. अंदाज चुकेल तिथेच थांब, तिथेच शिकायचं असतं. अडलीस तरी दुसऱ्याचं उत्तर लगेच उघडू नकोस.

पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील अँटिव्हायरस असंच उभं राहिलं. १९९०च्या दशकात कैलास यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले कॉम्प्युटर येत. धाकटे संजय व्हायरस कसा चालतो ते समजून घेऊन तो काढणारा प्रोग्रॅम लिहीत. नुसता कॉम्प्युटर पुसून दिला असता तरी गिऱ्हाईक खूश झालं असतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातही मालवेअर होतं. असं काही उलगडायला माणसं लागतात, म्हणून तुझ्या मागे लागलोय.

अनोळखी फाइल व्हर्च्युअल मशीनमध्येच चालव, नेट बंद ठेवून. रीतसर मिळवलेला प्रोग्रॅम कसा चालतो हे अभ्यासायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स तोडून कॉलेजात वाटायला नाही. कुणी गळ घातली तर सरळ नाही म्हण.

हे क्रॅकमी नीट कळलं की त्याचं कीजेन, म्हणजे बरोबर किल्ली काढून देणारा प्रोग्रॅम, लिही. मग फ्लेअर-ऑन स्पर्धेची जुनी कोडी घे, २०१४पासूनची आहेत. कीजेन मला पाठव, रविवारी बसून वाचेन.

तुझा,
मामा