विचारणाऱ्याला आधी ओळखा

पोरांनो, तुम्ही ग्वाल्हेरात वाढता आहात. घरात मराठी, उपासनेत हिंदी आणि लष्कर-मुरारच्या शेजारात बहुतेक सगळी माणसं दुसऱ्या धर्माची. ती तुम्हाला प्रश्न विचारणारच आणि विचारावेतच. तारण म्हणजे काय, मेल्यावर काय होतं, तुम्ही आम्हाला ख्रिस्ती करायला आलात का? माझ्या सासूबाईंनी मला या प्रश्नांची उत्तरं शिकवली आणि उत्तर देतानाची पथ्यंही सांगितली. त्यात माझ्या वाचनाची थोडी भर घालून ते सारं तुमच्या हाती देते. त्यांचं मुख्य सांगणं एवढंच होतं: साक्ष देणं आपल्याकडे सोपवलं आहे, न्याय करणं देवाने स्वतःकडे ठेवलं आहे.

१. प्रश्नाआधी माणूस ऐका.
“नरक खरंच असतो का?” हे कॉलेजातला मित्र वादासाठी विचारतो. नुकतीच आई गेलेला शेजारीही हेच विचारतो. पहिल्याशी बोला, दुसऱ्याजवळ आधी बसा. योहानाच्या शुभवर्तमानाचे तिसरा आणि चौथा असे दोन अध्याय लागोपाठ वाचा. रात्री आलेल्या विद्वान निकदेमाशी प्रभू नव्या जन्माविषयी बोलतो, भरदुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईकडे तो आधी प्यायला पाणी मागतो. शुभवर्तमान तेच, पण सुरुवात माणसागणिक वेगळी. म्हणून उत्तराची घाई करू नका. “तुम्हाला हा प्रश्न का पडला?” असं प्रेमाने विचारा.

२. तारणाचा क्रम उलटा सांगू नका.
“बाप्तिस्मा घेतला की सुटलात, मग काहीही करा, असंच ना तुमचं?” हे तुम्ही अनेकदा ऐकाल. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या आठ ते दहा या ओव्या एकत्र वाचायला शिका. बरेच जण नवव्या ओवीवर थांबतात. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं, कर्मांनी कमावता येत नाही, हे आठव्या-नवव्या ओवीत आहे. आपण सत्कर्मांसाठीच घडवले गेलो आहोत, हे दहावीत आहे. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय हाच क्रम दाखवतो. प्रभू आधी त्या जकातदाराच्या घरी उतरला, अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची बुद्धी त्याला नंतर झाली. वधस्तंभावरच्या चोराला तर सत्कर्मांसाठी आयुष्यच उरलं नव्हतं, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. या दोन गोष्टी सांगता आल्या की पुष्कळ झालं.

३. स्वतःच्या मनातल्या शंकेला घाबरू नका.
शिबिरात आलेलं रडू पुन्हा येत नाही, मग माझं तारण झालं की नाही, असं तुमच्यापैकी कितीतरी जण मला हळूच विचारतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण खुद्द ख्रिस्त सापडला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवलं. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. भावना रोज बदलते. तारण तिच्यावर नाही, प्रभूच्या वचनावर उभं आहे. शंका आली तर प्रार्थना सोडू नका, मंडळीत जाणं सोडू नका आणि पाळकांना मोकळेपणाने सांगा.

४. ‘ज्यांनी ऐकलंच नाही’ या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका.
हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. तो आपल्याच भागात जन्मलेल्या एका मराठी माणसाने फार पूर्वी, फार नेमकेपणाने विचारला होता. नीळकंठशास्त्री गोरे १८२५ साली झाशीजवळ जन्मले आणि काशीत वाढले. ख्रिस्ती मत खोडून काढण्यासाठी त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तारणाचा हा एकच मार्ग असेल, तर तो कानावरही न पडलेल्या असंख्य लोकांना शिक्षा करणारा देव न्यायी कसा, हा त्यांच्या आक्षेपांतला गाभ्याचा मुद्दा होता. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. त्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही, आणि त्यांनीही श्रद्धा सोडली नाही. रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवण्यात त्यांच्या लिखाणाचा मोठा हात होता. प्रश्न पडणारा माणूस दुसऱ्याला वाट दाखवू शकतो, हे त्यांच्याकडून शिका.

आता उत्तर. मंडळींमध्ये याबाबत एकमत नाही, हे लपवू नका. ख्रिस्तावरचा उघड विश्वास हाच एक मार्ग, असं अनेक प्रोटेस्टंट मंडळी मानतात. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं कॅथोलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली सांगितलं. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल परराष्ट्रीयांच्या अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाविषयी बोलतो. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी गयावया करतो, तेव्हा सगळ्या जगाचा न्यायाधीश अन्याय करणार नाही, याच भरवशावर तो उभा असतो. आपणही तिथेच उभं राहायचं. कुणाच्या आजोबांचं काय झालं, हे सांगायचा अधिकार आपल्याला नाही. तारण पावणारे थोडेच का, असं लूकाच्या तेराव्या अध्यायात एकाने विचारलं, तेव्हा प्रभूने आकडा सांगितला नाही. तुम्ही स्वतः अरुंद दारातून आत यायचा प्रयत्न करा, असं त्याने सांगितलं.

५. अनंतकाळाचा नकाशा काढू नका.
सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं, असं योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू प्रार्थनेत म्हणतो. म्हणजे ते आजपासूनच सुरू होतं. स्वर्गातल्या रस्त्यांचं वर्णन करण्यापेक्षा हे सांगा. नरकाचा विषय टाळू नका, कारण प्रभूनेच त्याबद्दल इशारा दिला आहे. पण तो धमकी म्हणून वापरू नका. आणि कुणाच्या घरी मयत झाली असेल तर तिथे उपदेश नको. डबा घेऊन जा, पाणी भरा, रात्री सोबतीला थांबा.

६. दुसऱ्याची श्रद्धा हलकी लेखून स्वतःची मोठी होत नाही.
आपल्या किल्ल्यावर विष्णूचं सास-बहू मंदिर आहे, कड्यात कोरलेले जैन तीर्थंकर आहेत, गुरू हरगोविंदांची आठवण जपणारा दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. खाली तानसेनाशेजारी सूफी मोहम्मद गौस विसावले आहेत. आणि शिंद्यांचा जयविलास राजवाडा उभारणारे सर मायकेल फिलोस कॅथोलिक होते. अशा गावात “सगळे मार्ग एकच” असं कुणी म्हणालं तर त्यामागचा चांगुलपणा ओळखा. मग नम्रपणे सांगा, की येशूने स्वतःला अनेकांतला एक मार्ग म्हटलं नाही आणि आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आहे. मतभेद स्पष्ट असू द्या, पण गणपतीत शेजारच्या काकूंच्या मदतीला आधी तुम्हीच धावा.

७. मदत आणि साक्ष यांची गाठ बांधू नका.
संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली मध्य प्रदेशातल्याच स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावता येतात, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. राज्याच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे बळजबरीने, फसवणुकीने किंवा आमिषाने धर्मांतर करणं हा गुन्हा आहे. धर्म बदलायची इच्छा असणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवावं, अशीही तरतूद त्यात आहे. त्यावर न्यायालयात वाद आहेत, म्हणून बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली की पाळकांना आणि जाणत्या वकिलाला गाठा.

कायदा नसता तरी पथ्य हेच असतं. कुणाची फी भरलीत तर त्या दिवशी धर्माबद्दल बोलू नका. आजाऱ्यासाठी त्याच्या परवानगीने प्रार्थना करा, पण बरं होण्याची हमी देऊ नका आणि औषध बंद करायला तर कधीच सांगू नका. लहान मुलांशी त्यांच्या आईवडिलांच्या पाठीमागे या गोष्टी बोलू नका. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलं आहे, पण ते विचारणाऱ्याला आणि सौम्यतेने.

८. घरातल्या माणसाला वेळ द्या.
रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. गिरिप्रवचनाने त्यांचं मन धरलं आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, स्वतःच्या विचाराने. मधल्या पाच वर्षांत त्यांनी काय सोसलं, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचाच. नवरा, बायको, मुलगा, सून यांपैकी कुणाचीही श्रद्धा दुसऱ्याच्या हट्टाने उगवत नाही.

शेवटी रोजची सवय. प्रभूने तुमच्यासाठी काय केलं, ते पाच-सहा वाक्यांत साध्या हिंदीत आणि मराठीत सांगता यायला हवं. न येणाऱ्या प्रश्नाला “मला ठाऊक नाही, विचारून सांगतो” म्हणा आणि खरोखर विचारून परत जा. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांची नावं घेऊन प्रार्थना करा. मन वळवणं पवित्र आत्म्याचं काम आहे. ते आपण आपल्या अंगावर घेतलं, की यश आलं तर गर्व होतो आणि अपयश आलं तर माणूस खचतो. ते त्याच्याकडेच राहू द्या, म्हणजे तुम्हाला शेजाऱ्यावर काही हेतू न ठेवता प्रेम करता येईल.