एका टिंबाने चक्की कोणाची झाली?



या वेळी गुरुजींनी मला इंग्रजीचा विषय दिला आहे. एक वस्तू पुष्कळ जणांच्या मालकीची असली तर ते इंग्रजीत कसे लिहावे, असा तो विषय आहे. हा विषय मलाच का दिला ते वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. चूक माझी होती. म्हणून आधी चूकच सांगते.

आमच्या गावातल्या अकरा बायांनी मिळून विजेची चक्की घेतली. माझी आई त्यांच्यात आहे. त्यांनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे जमा केले आणि वरून बँकेचे कर्ज काढले. चक्की ठेवायला जागा पाहिजे, म्हणून ती एका काकूंच्या ओसरीत बसवली. दळून द्यायची पाळी रोज एकीची असते. मग पाटी लावायचे ठरले. पांढरकवड्याच्या बाजारातून लाल रंगाचा डबा आणि ब्रश आणला. माझे अक्षर वळणदार आहे म्हणून पाटी मला रंगवायला दिली. मी पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘बहिणीची चक्की’. खाली इंग्रजीत पण लिहिले. आधी सिस्टर हा शब्द, मग वर डोक्याशी स्वल्पविरामासारखी खूण, मग एस, आणि पुढे फ्लोअर मिल. आई म्हणाली, मस्त जमलं. मला लई आनंद झाला.

चार दिवस कोणाच्याच लक्षात आले नाही. पाचव्या दिवशी दळण आणायला गर्दी होती. ज्यांच्या ओसरीत चक्की आहे ते काका हसत हसत मोठ्याने म्हणाले, “पाटी वाचा ना! एका बहिनीची चक्की हाय. मंग बाकीच्या दहा कायच्या मालकीन?” सगळे हसले. पण त्या दिवशी जिची पाळी होती ती मावशी हसली नाही. ती दळण पुरे करून घरी गेली आणि पुढच्या पाळीला आलीच नाही. तिने आईला सांगितले, माझे पैसे मोजून द्या, मी निघते. आई रात्री जेवली नाही. मी विचारले तर म्हणाली, “तुह्या पाटीनं पाय काय झालं.” तेव्हा मी टॉर्च घेऊन जाऊन पाटी वाचली. ‘णी’वर टिंब नव्हते.

‘बहिणीची’ म्हणजे एका बहिणीची. ‘बहिणींची’ म्हणजे पुष्कळ बहिणींची. मध्ये फरक फक्त एका टिंबाचा. त्या टिंबाला व्याकरणात अनुस्वार म्हणतात. वाघाचे जंगल म्हटले तर वाघ एकच. आपल्या जवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे आणि तिथे पुष्कळ वाघ आहेत, म्हणून ते वाघांचे जंगल लिहावे लागते. शेतकऱ्याचा कापूस ही एकाच घरची गोष्ट झाली. शेतकऱ्यांचा कापूस म्हटला की बाजारात लागलेल्या सगळ्या गाड्या आल्या.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी पाटी पाहायला आले. मराठी वाचले, मग इंग्रजी वाचले आणि म्हणाले, “खाली पण तीच चूक केलीस. इंग्रजीतही तू एकच बहीण ठेवली.” मग त्यांनी वर्गात फळ्यावर समजावून दिले. ते असे.

इंग्रजीत मालकी दाखवायला एस लावतात आणि वर ती छोटी खूण देतात. तिचे नाव ॲपॉस्ट्रॉफी. नाव कठीण आहे, म्हणून आमच्या वर्गात आम्ही तिला तुरा म्हणतो. मालक एक असेल तर तुरा एसच्या आधी येतो. मालक पुष्कळ असतील तर त्या शब्दाला अनेकवचनाचा एस आधीच लागलेला असतो, म्हणून दुसरा एस लावत नाहीत, नुसता तुरा एसच्या नंतर देतात. बस, एवढेच. अक्षरे तीच राहतात, तुरा एक घर पुढे सरकतो आणि एका बहिणीच्या अकरा बहिणी होतात. आणखी गंमत म्हणजे ऐकायला तिन्ही सारखेच. पुष्कळ बहिणी, एका बहिणीचे आणि पुष्कळ बहिणींचे, तिन्हीला तोंडाने सिस्टर्सच म्हणतात. फरक फक्त डोळ्यांना दिसतो. म्हणून लिहिताना चुकले की वाचणाऱ्याने काय करावे?

पण काही शब्दांचे अनेकवचन एस न लावताच होते. चाइल्डचे चिल्ड्रन, मॅनचे मेन, वुमनचे विमेन. त्यांना मालकी दाखवायची तर तुरा आधी आणि एस नंतर, जरी माणसे पुष्कळ असली तरी. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. त्याच्या इंग्रजी नावात विमेन्स असे आहे आणि तुरा एसच्या आधी आहे. मी आधी म्हटले, ही पण चूक! गुरुजी म्हणाले, नाही, विमेन म्हटल्यावर त्या पुष्कळच झाल्या.

दिवसांची नावे पाहा. ५ सप्टेंबरला आपण शिक्षक दिन करतो. राधाकृष्णन यांचा तो जन्मदिवस, १९६२ पासून तो शिक्षक दिन आहे. इंग्रजीत त्याला टीचर्स डे म्हणतात आणि तुरा एसच्या नंतर देतात, कारण तो सर्व शिक्षकांचा. पण मदर्स डेमध्ये तुरा एसच्या आधी आहे. जगात आया तर पुष्कळ आहेत! अमेरिकेत ॲना जार्विस नावाच्या बाईंनी हा दिवस सुरू करण्यासाठी खटपट केली आणि १९१४ साली तिथल्या सरकारने तो मान्य केला. त्या बाईंचे म्हणणे होते की प्रत्येकाने आपल्या एका आईची आठवण करावी, म्हणून तुरा एसच्या आधीच पाहिजे. एवढ्याशा खुणेसाठी त्या अडून बसल्या. पाटीची गोष्ट झाल्यापासून मला ते पटते.

आता आपल्या मराठीची एक अडचण. आपण मानासाठी पण टिंब देतो. गुरुजींची खुर्ची, आजोबांची काठी. गुरुजी एकच, आजोबा पण एकच, तरी टिंब आहे. मी विचारले, “गुरुजी, मग बहिणींची लिहिले तर एकाच बहिणीला मान दिला असे काका म्हणतील.” गुरुजी हसले. म्हणाले, बहीण या शब्दाला आपण तसा मान लावत नाही. पण ‘ताईंची चक्की’ लिहिले असते तर भांडण मिटले नसते. इंग्रजीत मानाचा तुरा नसतो.

आणि इंग्रजीत नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. बहिणींची चक्की, बहिणींचा डबा, बहिणींचे पैसे, बहिणींच्या पाळ्या. वस्तू बदलली की ची, चा, चे, च्या बदलतात. इंग्रजीचा एस वस्तूकडे पाहतच नाही, फक्त मालकाकडे पाहतो.

माझी आजी शाळेत गेली नाही. तिला टिंबही माहीत नाही आणि तुराही नाही. तिला पाटीचे सांगितले तर ती म्हणाली, “थे बायायची चक्की हाय, बाईची नोहे.” घ्या! आपण घरी पोरायची शाळा, लोकायचं वावर, बायायची चक्की असेच बोलतो. त्यात पुष्कळ जण आहेत हे आंधळ्यालाही ऐकू येते. पुस्तकात टिंब द्यायला मी विसरते, पण बोलताना ‘आय’ म्हणायला कधी विसरली नाही. गुरुजी म्हणाले, पेपरात बायायची लिहू नको, पण टिंब द्यायचे की नाही अशी शंका आली तर मनात आजीसारखे बोलून पाहा. पोरायची म्हणावेसे वाटले की टिंब द्यायचे आणि इंग्रजीत तुरा एसच्या नंतर.

आणखी एक. आई त्या मावशीकडे गेली तेव्हा मी सोबत होती. आई म्हणाली, “अवं, आमची चक्की…” मावशी तोंड फिरवून बसली. मग आई म्हणाली, “आपली चक्की हाय.” तेव्हा ती बोलली. आमची म्हटले तर ऐकणारा बाहेर राहतो, आपली म्हटले तर तो आत येतो. इंग्रजीत दोन्हीला अवर हा एकच शब्द. माझ्या मैत्रिणीची आत्या आदिलाबादला राहते. ती सांगते की तेलुगूत आपलेसाठी ‘मन’ आणि आमचेसाठी ‘मा’ असे वेगळे शब्द आहेत. हे मला फार आवडले.

पाटी मीच दुरुस्त केली. आई स्टूल धरून उभी होती आणि ती मावशी रंगाचा डबा धरून. ‘णी’वर टिंब दिले. इंग्रजीतला जुना तुरा घासलेटने पुसला आणि एसच्या नंतर नवा काढला. काका बाजूला उभे राहून पाहत होते. म्हणाले, “आता बराबर झालं.”

आता तुम्ही करून पाहा. आपल्या शाळेत मुलांचे माठ आहेत, मुलींची रांग आहे, गुरुजींची सायकल आहे. ही तीन इंग्रजीत लिहून मला दाखवा. तुरा कुठे येतो ते नीट बघा, सायकलीपाशी बरेच जण फसतील. आणि चक्कीवर दळण घेऊन गेलात तर पाटीकडे पाहा. ब्रशला रंग जास्त झाला होता, म्हणून टिंब मोठे आले आहे आणि त्याचा ओघळ ‘ची’पर्यंत आला आहे. मी तो पुसणार होती, पण मावशी म्हणाली राहू दे.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, तालुका केळापूर (पांढरकवडा), जिल्हा यवतमाळ