नळाच्या कोपऱ्यावर पडणारा पाण्याचा जोर

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झाल्यापासून सोलापूर जिल्ह्यांत नळानें पाणी उचलून ऊंस भिजविण्याचा प्रघात फार वाढला आहे. अशा नळाचा जोड निसटतो तो बहुधा कोपऱ्यावर, ज्यास आपण बेंड म्हणतों तेथें. ऐन पाळींत असें झालें म्हणजे पिकास ताण बसतो. याचें कारण हिशेबानें पाहूं.

नळाचा आंतील व्यास १५ सेंटिमीटर व पाणी दर सेकंदास ३० लिटर धरूं. नळाचें क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर. म्हणून वेग सेकंदास १.७ मीटर. वेग तितकाच राहून केवळ दिशा बदलली, तरी न्यूटनच्या नियमाप्रमाणें बल लागतेंच. ३० किलोंस १.७ नें गुणून ९.८ नें भागिलें असतां ५.२ किलो येतात. काटकोनांत याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारें ७ किलो.

इतक्यानें नळ हलणार नाहीं. खरा भार दाबाचा. कोपऱ्याशीं ३० मीटर उंचीचा दाब असल्यास दर चौरस सेंटिमीटरवर ३ किलो पडतात. ३ × १७७ × १.४१, म्हणजे सुमारें ७५० किलो.

परंतु व्हॉल्व्ह एकदम बंद केला, तर वाहतें पाणी अडून दाबाची लहर उठते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानें लहरीच्या वेगास पाण्याच्या वेगानें गुणून ९.८ नें भागावें. पीव्हीसी नळांत लहरीचा वेग सेकंदास ४०० मीटर धरल्यास दाब ६९ मीटरांनीं वाढतो. एकूण ९९ मीटर. कोपऱ्यावर सुमारें २,४७० किलो! ६ किलो दाबाचा म्हणून घेतलेल्या नळावर तेव्हां जवळजवळ १० किलो दाब येतो. लोखंडी नळांत लहर अधिक वेगवान, म्हणून धक्काहि अधिक.

लहर ६०० मीटर नळांतून जाऊन परत येण्यास ३ सेकंद लागतात. त्याच्या आंत व्हॉल्व्ह मिटल्यास पूर्ण धक्का बसतो. म्हणून तो निदान अर्धा मिनिट घेऊन सावकाश मिटावा. वीज अकस्मात् गेल्यासहि धक्का बसतो. तो आपल्या हातीं नाहीं. यासाठीं कोपऱ्याच्या बाहेरील अंगास काँक्रीटचा ठोकळा घालावा. जमीन दर चौरस मीटरास ५ टन भार सोशील असें धरल्यास ठोकळ्याची पाठ अर्धा चौरस मीटर हवी. ती न खणलेल्या मुरमास टेकवावी. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळून आधार सोडते.