चिनी मातीच्या वाट्या आणि समुद्राचा वारा

वाशीमहून अकोल्याकडे किंवा हिंगोलीकडे जातांना शेतांतून उंच लोखंडी मनोरे उभे दिसतात. त्यांच्या हातांस चिनी मातीच्या अगर कांचेच्या वाट्यांच्या माळा टांगलेल्या असतात व त्यांच्या टोंकास विजेची तार असते. या वाटीस इन्सुलेटर म्हणतात. तारेंतील वीज मनोऱ्यांतून जमिनींत उतरूं न देणें, एवढेंच तिचें काम. हीच वाटी कोंकणच्या किनाऱ्यावर लौकर कां निकामी होते, हें आम्ही येथें सांगणार आहों.

समुद्राची हवा चिनी मातीस खाते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. भट्टींत भाजून झिलई दिलेली चिनी माती मिठास दाद देत नाहीं. गंजतें तें लोखंड. प्रत्येक वाटीच्या डोक्यावर लोखंडी टोपी व पोटांत लोखंडी खिळा सिमेंटानें बसविलेला असतो. दोहोंवर जस्ताचा मुलामा असतो.

आतां किनाऱ्यावर काय घडतें तें पाहा. लाटा फुटून उडालेले खारे तुषार वारा वाहून नेतो. पाणी सुकतें आणि मीठ वाटीवर बसतें. कोरडें मीठ वीज नेत नाहीं. परंतु अलिबाग, रत्नागिरी, मालवण या बाजूस हवा दमट असते. मीठ ती ओल शोषून घेतें आणि त्या खाऱ्या ओलाव्यांतून थोडी वीज सरपटूं लागते. ही गळती खिळ्यापाशीं एकवटते. तेथील जस्त प्रथम झिजतें, मग लोखंड गंजतें. गंज लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. तो आंतून फुगून वाटीस तडा पाडतो. कधीं खिळाच बारीक होऊन तुटतो व तार खालीं येते.

मुसळधार पावसाचें आपणांस भय वाटतें. पण तोच पाऊस मीठ धुऊन काढतो. खरा धोका कोरड्या महिन्यांत सांचलेल्या मिठावर पडणाऱ्या दंवाचा व धुक्याचा. १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईस आली. तेव्हांपासून किनाऱ्याजवळच्या तारांस हा खारा वारा सोसावा लागत आहे.

यावर उपाय आहेत. वाट्या पाण्यानें धुतात. खिळ्याभोंवतीं जस्ताचें कडें बसवितात. तें स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. पाणी पसरूं न देणाऱ्या सिलिकॉन रबराचे इन्सुलेटरहि वापरतात. शिवाय पृष्ठभागावरून जाणारी विजेची वाट लांब करतात. स्वच्छ हवेंत दर किलोव्होल्टास १६ मिलिमीटर वाट पुरते, अति खाऱ्या हवेंत ३१ लागते. म्हणजे १४५ किलोव्होल्टांस २.३ मीटरांऐवजीं सुमारें ४.५ मीटर.

आपला जिल्हा समुद्रापासून चारशें किलोमीटरांहून दूर आहे. तरी धूळ व धूर येथेंहि वाटीवर बसतात, आणि पहिल्या रिमझिम सरीनें ओले झाले म्हणजे वीज गळूं लागते. म्हणून मुलांनो, गलोलीनें या वाट्यांवर नेम धरूं नका. तुमच्या क्षणाच्या गमतीनें पडलेला तडा दुरुस्त करण्यासाठीं कोणा लाइनमनास भर पावसांत वर चढावें लागेल. तार तुटून पडलेली दिसली तर दूर राहा, गुरांस व माणसांस दूर ठेवा आणि वडील मंडळींकरवीं वीज कार्यालयास तत्काळ कळवा. पालकांनींहि ही गोष्ट घरीं एकदां समजावून सांगावी, अशी आमची विनंति आहे.