विचारलंस का त्यांना?

चि. बाळ्यास,


परवा चिंचणीची काकू बाजारात भेटली. म्हणाली, "तुमचा बाळ्या केबलच्या वसुलीला येतो खरा, पण आमचं बिल फुगतच चाललंय." तिच्या घरी क्रिकेटचे चॅनल कोण बघतं रे? ती सह्याद्री लावते आणि दोन मराठी मालिका. सह्याद्री तर दूरदर्शनची, ती तुम्हाला द्यावीच लागते. मग बाकीचं लावताना तिला विचारलं होतंस?

मालकाने सांगितलं, म्हणशील. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाने, एकेक चॅनल निवडायची मुभा दिली आहे आणि प्रत्येक पैशाच्या चॅनलची किंमत जाहीर करायला लावली आहे. तेव्हा शंभर चॅनलच्या जोडणीला १३० रुपये आणि कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, याच्यावर घेता येत नव्हते. २०२४ मध्ये ती मर्यादा उठली, तुमचा मालक आपला दर ठरवतो. पण काय बघायचं ते काकूच ठरवणार. कधी पॅकच स्वस्त पडतो, मान्य. मग दोन्ही हिशेब तिच्यापुढे मांड आणि विचार.

बोईसरला एमआयडीसीच्या खोल्यांत ओडिशाची पोरं राहतात. त्यांना गावाकडच्या बातम्या हव्या असतात आणि हिंदी पॅक गळ्यात पडतो, असंही ऐकलं. तू नसशील त्यात. नसशील ना?

लग्नाआधी मी रेशनच्या दुकानात पावत्या फाडायचे. रॉकेलबरोबर चहाची पुडी घ्यावीच लागेल, असा मालकाचा दंडक. बायका निमूट कनवटीचे पैसे मोजायच्या. पुडी नको असेल तर राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मालकाच्या भीतीने तेही तोंडून निघालं नाही. अजून खटकतं.

फार बोलले. दादाचं गुडघ्याचं ऑपरेशन, गाडीचा हप्ता, त्यात मालकाचं टार्गेट. तुझी ओढाताण मला दिसत नाही असं नाही. मालक ऐकत नसेल तर नोकरी सोड म्हणत नाही, पण काकूचा पॅक तेवढा तिला विचारून बदल. पुढचं दोघं मिळून बघू. पैशाची अडचण असेल तर आईला न सांगता मला सांग.

रविवारी डहाणू लोकलने पालघरला ये. बोंबील करते. आणि माझ्या टीव्हीला काय काय लावलंय तेही बघ, मला मेलीला त्यातलं काही कळत नाही.

तुझी,
आत्या